उभ्या उभ्या आलेला पाहुणा

उंद्रीत कोणाकडे पाहुणा आला की पाण्याचा तांब्या हाती देतानाच घरची म्हातारी विचारते, "मुक्काम हाय ना?" पाहुणा म्हणाला, "नाही आजी, उभ्या उभ्या आलो," की तिचा चेहरा उतरतो. चहा होतो, ख्यालीखुशाली होते, पण ती मनातून खट्टू झालेली असते. आम्हाला लहानपणी याचे हसू येई. एवढे काय त्यात? माणूस आला, भेटला, गेला.

गेल्या वर्षी आम्ही दोघे असेच एका शहरात उभ्या उभ्या जाऊन आलो. आमची मुलगी युरोपात परिचारिका आहे. आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून तिने भूमध्य समुद्रातील सात दिवसांच्या जहाजसफरीची तिकिटे काढली. परत आल्यावर आपल्या धर्मग्रामातील अनेकांनी विचारले, "काय काय पाहिले?" आम्ही बंदरांची नावे भराभर सांगितली. माल्टा बेटावरील व्हॅलेटाचे नाव आले की मात्र आमची जीभ थोडी अडखळते. ते का, हे रविवारच्या या पानावर मोकळेपणाने सांगावे असे वाटले.

अशी सफर कशी असते ते आधी सांगतो. जहाज रात्री चालते आणि सकाळी बंदराला लागते. आठ वाजता खाली उतरायचे, साडेचारच्या आत परत चढायचे. पाच वाजता जहाज सुटते आणि उशीर करणाऱ्यासाठी थांबत नाही. जेवण, झोप, न्हाणे सगळे जहाजावर, आणि त्याचे पैसे आधीच भरलेले. त्यामुळे बरेच प्रवासी दुपारचे जेवायलासुद्धा जहाजावर परततात. 'पैसे भरले आहेत ना!' आमच्या खोलीची व्यवस्था पाहणारा मुलगा वसईचा निघाला. आमचे मराठी ऐकून त्याचा चेहरा असा फुलला की विचारू नका. व्हॅलेटाच्या सकाळी तो म्हणाला, "आंटी, इथे संत पौलाचे देऊळ आहे. माझ्या आईसाठी एक मेणबत्ती लावाल? तिचे ऑपरेशन आहे." आम्ही म्हटले, "अरे, नक्की. त्यासाठीच तर उतरतोय."

व्हॅलेटा हे शहर १५६५ च्या तुर्की वेढ्यानंतर संत योहानाच्या सरदारांनी १५६६ पासून वसवले. सगळे पिवळसर दगडाचे, सरळ रस्ते, उतारावर पायऱ्या, घरांना लाकडी बंद सज्जे. पूर्वी तटाच्या आत वीस हजारांवर लोक राहत, आता पाच-सहा हजार उरले आहेत. एक मोठे जहाज आले तर जवळजवळ तेवढीच माणसे एका सकाळी शहरात उतरू शकतात. तिथल्या भाषेची गंमत वाटली. लिपी रोमन, पण मूळ अरबी. हे कॅथलिक लोक देवाला 'अल्ला' म्हणतात आणि उपवासकाळाला 'रांदान', म्हणजे आपल्या मुसलमान शेजाऱ्यांच्या रमजानचाच भाऊ.

आमच्या हातात यादी होती. लिफ्टने तटावर जायचे, सरदारांचे मोठे कॅथेड्रल पाहायचे, बारा वाजता तोफ ऐकायची, मग पौलाचे देऊळ, मग खरेदी. कॅथेड्रल बाहेरून अगदी साधे आहे, आत मात्र भिंती सोन्याने झळकतात आणि पायाखाली सरदारांच्या रंगीत संगमरवरी समाध्या. तेथे काराव्हाज्जो या चित्रकाराचे १६०८ मधील बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाच्या शिरच्छेदाचे भव्य चित्र आहे. योहानाच्या मानेतून सांडलेल्या रक्तातच चित्रकाराने आपले नाव लिहिले आहे. ते पाहून आम्ही बराच वेळ बोललो नाही. रांगेत गेलेला वेळ वाया गेला असे आम्ही अजूनही म्हणणार नाही.

पौलाच्या देवळाशी पोचलो तेव्हा आत मिस्सा सुरू होत होती. दारातल्या वृद्ध गृहस्थांनी हळू आवाजात विचारले, "मिस्सेला आलात की बघायला?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. मग घड्याळाकडे. आणि दोघांच्याही तोंडून एकदम निघाले, "बघायला."

"मग मिस्सा संपल्यावर या," ते नम्रपणे म्हणाले. आम्ही खरेदीला गेलो. परत त्या बाजूला यायला वेळ उरला नाही.

चाळीस वर्षे आम्ही एकही रविवार चुकवलेला नाही. पावसात चिखल तुडवत, बैलगाडीतूनसुद्धा मिस्सेला गेलो आहोत. त्या दिवशी रविवार नव्हता, कोणतीही आज्ञा मोडली नाही हे खरे. तरीही 'बघायला' हा शब्द आमच्याच तोंडून कसा निघाला, याचा विचार आम्ही अजून करतो.

एका दिवसासाठी आलेला माणूस त्या गावाचे काही देणे लागतो का? कोणी म्हणेल, पैसे मोजले, देणे कसले? आम्हीही जहाजावर तसेच म्हणत होतो. पण पैसे मोजले ते मुख्यतः जहाजाला, गावाला गेली ती गर्दी. म्हणून आता गावेच बोलू लागली आहेत. क्रोएशियातील दुब्रोव्हनिकने २०१९ पासून एका वेळी दोनच जहाजे आणि सुमारे चार हजार प्रवासी अशी मर्यादा घातली. व्हेनिसच्या जुन्या शहरासमोरून जाण्यास मोठ्या जहाजांना २०२१ मध्ये बंदी झाली आणि २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एका दिवसाच्या पाहुण्याकडून प्रवेशशुल्क घेणे सुरू झाले. शुल्क भरले की देणे फिटले, असे मात्र आम्हाला वाटत नाही.

दुसरी सबब वेळेची. तिच्यावर आमचा बराच भर होता, पण प्रेषितांची कृत्ये उघडली आणि ती सबब गळून पडली. संत पौलाला कैदी म्हणून रोमला नेत होते तेव्हा जहाज दुसऱ्याच दिवशी सीदोन बंदराला लागले. युल्य नावाच्या शताधिपतीने ममतेने त्याला मित्रांकडे जाऊ दिले, त्यांच्याकडून पाहुणचार घेऊ दिला. सीदोन केवढे पुरातन, नामांकित शहर! पण लूक तिथली एकही इमारत सांगत नाही. त्याने नोंदले ते एवढेच, की मित्रांनी त्याची काळजी घेतली. त्याआधी यरुशलेमला जाताना प्तलमैस येथे पौल एकच दिवस राहिला, तोही बंधुजनांबरोबर. म्हणजे मुक्काम थोडा असणे हा दोष नव्हे.

येथे कोणी म्हणेल, पौलाचे तिथे ओळखीचे लोक होते, तुमचे कोण होते? मुद्दा खरा आहे. पण माल्टावर, म्हणजे पवित्र शास्त्रातल्या मिलितावर, पौलाचेही कोणी नव्हते. जहाज फुटले, २७६ माणसे भिजून कुडकुडत किनाऱ्याला लागली. पाऊस होता, थंडी होती. बेटावरच्या अनोळखी लोकांनी शेकोटी पेटवून सर्वांना जवळ घेतले. बेटाच्या प्रमुखाने तीन दिवस घरी ठेवले आणि त्याच्या तापाने आजारी बापासाठी पौलाने प्रार्थना केली. तीन महिन्यांनी निघताना लोकांनी लागेल ते सामान जहाजावर भरून दिले.

आम्ही त्याच बेटावर उतरलो, पण पोट भरलेले, पिशवीत पाण्याची बाटली, छत्री, वर दुपारचे जेवण तयार. आम्हाला त्या गावाकडून काहीच नको होते. ज्याला काही लागत नाही त्याच्यासाठी शेकोटी कोण पेटवणार? आम्हाला वाटते, आजीचा चेहरा उतरतो तो यासाठी. उभ्या उभ्या आलेला तिच्याकडून भाकरीही घेत नाही आणि तिचे दुखणेखुपणेही ऐकत नाही.

हे आपल्याकडेही घडते, आणि आमच्याच हातून घडले आहे. १९९० नंतरच्या वर्षांत आम्ही शाळेची सहल घेऊन मुंबईजवळच्या घारापुरीला गेलो होतो. १९८७ पासून तिथली लेणी जागतिक वारसास्थान आहेत. मुंबईला येणाऱ्या परदेशी जहाजांचे प्रवासीही तिथे जातात. पर्यटकाला बेटावर रात्री राहता येत नाही, संध्याकाळच्या लाँचने सारे परततात. परत आल्यावर आम्ही सहलीच्या अहवालात लिहिले, 'सर्व सोयी उत्तम.' पुढे २०१८ च्या फेब्रुवारीत वर्तमानपत्रात वाचले की समुद्राखालून केबल टाकून घारापुरीच्या तीन वस्त्यांना स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षांनी वीज मिळाली. तोवर रात्री थोडे तास जनरेटर आणि मग काळोख. रोज बोटी भरभरून माणसे येत होती. काळोख आमच्यासारख्यांना दिसला नाही, कारण आम्ही फक्त दिवसा तिथे होतो.

जाऊच नये का, असे आमच्या मुलीने विचारले. तिने हौसेने केलेल्या खर्चावर आम्ही बोट ठेवतो आहोत असे तिला वाटले असावे. तसे नाही. त्या चित्रासमोर उभे राहिल्याबद्दल आम्ही देवाचे आणि तिचेही आभार मानतो. पण यादीतली दोन नावे गाळली असती आणि त्या देवळात अर्धा तास बसलो असतो, तर त्या दिवशी आम्ही व्हॅलेटात होतो असे म्हणता आले असते. आणि तिथे आमचे एक काम होते, आमचे स्वतःचे नव्हे, दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेले.

रात्री तो मुलगा पाण्याचा जग घेऊन आला. क्षणभर वाटले, 'लावली' म्हणून टाकावे. त्याला बरे वाटेल, आम्हालाही. पण तोंडून खरे तेच निघाले, "राहून गेली रे बाळा."

तो काही क्षण गप्प राहिला. मग म्हणाला, "असू दे, आंटी. होते असे."

आम्ही विचारले, तू स्वतः कधी गेला आहेस का त्या देवळात? तो हसला. या बंदरात तो कितीतरी वेळा आला होता. पण जहाज बंदरात असले तरी काही जणांना पाळीने वर थांबावेच लागते, कधी कवायत असते, आणि जे दोन-तीन तास मिळतात ते धक्क्याजवळ बसून आईशी फोनवर बोलण्यात जातात. तिला तो पडद्यावर समुद्र दाखवतो. तिला वाटते, मुलगा जग बघतो आहे.

"पुढच्या फेरीला दुपारी मोकळा आहे," चादर सारखी करत तो म्हणाला. "कवायत नसली तर जाईन. देऊळ धक्क्यापासून लांब आहे का, आंटी? चालत किती वेळ लागतो?"