माळाची वहिवाट

मराठवाड्यातल्या भूम तालुक्यात एखाद्या गावच्या गायरानाचा सात-बारा काढून पाहावा. मालकीच्या रकान्यात सरकार, पिकाच्या रकान्यात पड. उतारा वाचणाऱ्याला वाटेल, इथे कुणाचे काही चालत नाही. त्याच गटावर दिवस उगवताना जाऊन उभे राहिले, तर शेळ्या घेऊन निघालेल्या बाया दिसतात, सरपण वेचणारी म्हातारी माणसे दिसतात, धनगरांचा वाडा उतरलेला दिसतो आणि मोकळी पळणारी कुत्री दिसतात. या माळाला वापरणारे भरपूर आहेत. कागदावर मात्र त्यांच्यापैकी एकही नाही.

कुत्र्यांचे उदाहरण मुद्दाम घेतो, कारण ते सगळ्यांत क्षुल्लक समजले जाते. धनगराचे कुत्रे रात्री वाघुरीच्या, म्हणजे मेंढ्यांभोवतीच्या जाळीच्या, बाहेर पडून राहते. त्याच्या गळ्यात टोकदार खिळ्यांचा पट्टा असतो, कारण लांडगा गळाच धरतो. दिवसा ते कळपाच्या कडेने मोकळे हिंडते. बांधलेले कुत्रे राखणीच्या उपयोगाचे नाही. गावातल्या पोरांचे कारवानी कुत्रे निराळे. लांब तोंड, आत गेलेले पोट, उंच सडसडीत पाय. पळण्यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निपजवलेले हे जनावर दारात साखळीला ठेवले की चिडके होते आणि त्याचे पायही जातात. म्हणून पोरे पहाटे त्याला माळावर आणतात आणि पट्टा सोडतात. क्षणभर ते जागीच थबकते, हवा हुंगते, मग अंग आवळून जी झेप घेते ती थेट पलीकडच्या बांधापर्यंत. एवढी सलग, बिनकुंपणाची जागा गावात दुसरीकडे कुठेच उरलेली नाही.

शहरांत या गरजेला आता मागणीचे रूप आले आहे. बंगळुरूच्या कब्बन पार्कमध्ये २०२२ साली पाळीव कुत्र्यांना बंदी घालण्याचे घाटत होते. कुत्री पाळणारे एकत्र आले आणि तो विचार मागे पडला. पुण्यात वेताळ टेकडीवरून जाणाऱ्या बालभारती–पौड फाटा रस्त्याविरुद्ध २०२३ च्या एप्रिलमध्ये लोक रस्त्यावर उतरले. टेकडी वाचवायला निघालेल्यांत पर्यावरणाचे अभ्यासक होते, तसे रोज फिरायला जाणारे साधे नागरिकही होते. अशा चळवळींना ‘रिकामटेकड्या श्रीमंतांचे चोचले’ म्हणून मोडीत काढण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती अन्यायाची वाटते. रोज त्याच जागी जाणाऱ्यालाच तिथली पहिली खूण, मोजणीचा पहिला दगड दिसतो. मोकळ्या जागेला पहारेकरी मिळतात ते तिच्या वापरातूनच.

इंग्लंडमधले सनिंगवेलचे प्रकरण या बाबतीत फार बोलके आहे. ऑक्सफर्डशायरमधल्या त्या खेड्यात चर्चच्या मालकीच्या माळावर घरे बांधायची होती. गावकऱ्यांनी दावा केला की, ही जागा आम्ही वीस वर्षांहून अधिक काळ कुणाला न विचारता वापरत आलो आहोत, म्हणून ती गावाची सामाईक हिरवळ (व्हिलेज ग्रीन) म्हणून नोंदवावी. हाऊस ऑफ लॉर्ड्सने १९९९ साली त्यांच्या बाजूने निकाल दिला. तिथे जत्रा भरत नव्हती, सामने होत नव्हते. कुत्र्याला फिरवणे, मुलांना खेळवणे, पतंग उडवणे एवढाच तो वापर होता आणि न्यायालयाने तेवढाच पुरेसा मानला. पुढे २०१३ च्या कायद्याने बांधकामाचा प्रस्ताव आलेल्या जागांपुरती ही वाट बरीच अरुंद केली. तरी तत्त्व मोलाचे आहे: सामान्य माणसाचा रोजचा साधा वापर हासुद्धा हक्काचा पाया ठरू शकतो.

हे तत्त्व आपल्या कायद्याला परके नाही. १८८२ च्या सुखाधिकार कायद्याच्या १८ व्या कलमात रूढीने मिळणाऱ्या हक्कांची तरतूद आहे आणि तिथे दिलेले पहिलेच उदाहरण गावाच्या सामाईक कुरणात गुरे चारण्याचे आहे. मध्य प्रांताच्या जुन्या व्यवस्थेतून आलेले निस्तारपत्रक १९६६ च्या महसूल संहितेने विदर्भासाठी ठेवले. गावातल्या बिनकब्जाच्या जमिनीवर कोण काय चारतो, कुठून लाकूडफाटा आणतो, याची व्यवस्था त्यात लिहिली जाते. मराठवाडा आला निजामाच्या राज्यातून, त्याच्या वाट्याला हे पत्रक आले नाही. आमच्याकडे आहे तो गाव नमुना १-ई, म्हणजे अतिक्रमणांची नोंदवही. ज्याने माळ अडवला त्याचे नाव सरकारदप्तरी चढते. ज्याने माळ न अडवता, न नांगरता, सगळ्यांसाठी मोकळा ठेवून वापरला, त्याचे नाव कुठेच चढत नाही. माझ्या म्हणण्याचे मर्म इथे आहे. आपल्या नोंदींना कब्जा कळतो, वहिवाट कळत नाही.

त्याचे परिणाम आता समोर येत आहेत. बालाघाटावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या. २०२३ पासून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वीज उपकेंद्रांजवळच्या सरकारी जमिनी, त्यात गायरानेही, प्रकल्पांसाठी दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज हवी, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. रात्री-अपरात्री विंचूकाट्यातून मोटार चालू करायला जाणाऱ्याला विचारावे, त्या विजेची किंमत काय. पण सौर प्रकल्प आला की तारेचे कुंपण येते आणि कुंपण आले की पाणवठ्याची वाट, शेळ्यांची वाट, कुत्र्याची धाव सगळे एका दिवसात बंद होते. त्या वाटा कागदावर नसल्याने त्या तोडल्या गेल्या असेही कुणाला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी गावांच्या सामाईक जमिनी वाचवण्याचे आदेश सर्व राज्यांना दिले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्राने शासन निर्णयही काढला. मात्र सार्वजनिक प्रयोजनाचा अपवाद मोकळा आहे, आणि आज मोठे प्रकल्प त्याच दाराने येतात.

गाव गप्प का बसते, हेही समजून घेतले पाहिजे. एके काळी गायरानावर गावातल्या वजनदार घरांची गुरेही चरत. आज भूम परिसर दुधाखव्यावर उभा आहे. कुंथलगिरीच्या पेढ्याचे नाव दूरवर आहे. पण भट्टीवर जाणारे दूध आता बहुतांशी गोठ्यात बांधून, कडबा-पेंड घालून वाढवलेल्या संकरित गाईंचे असते. ज्याच्या शब्दाला ग्रामसभेत वजन आहे, त्याच्या दावणीचा माळाशी संबंध तुटला. माळावर उरल्या त्या शेळीवाल्या बाया, मेंढपाळ, कुत्री घेऊन हिंडणारी पोरे. माळ बदलला नाही, त्याच्या बाजूने बोलणाऱ्यांची पत बदलली.

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. मराठवाड्यातले गायरान हा भूमिहीन दलितांच्या लढ्याचा विषय आहे. दादासाहेब गायकवाडांचे १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह, एकनाथ आवाडांनी चालवलेली गायरान हक्काची चळवळ, १९९१ चा अतिक्रमणे नियमित करण्याचा शासन निर्णय, हा इतिहास रक्ताने आणि घामाने लिहिलेला आहे. ज्याच्या पोटाचा प्रश्न आहे त्याला कुत्र्याच्या धावेसाठी उठवा, असे कुणी म्हणत असेल तर मी त्याच्या विरुद्ध उभा राहीन. उलट या चळवळीकडून शिकण्यासारखे आहे. अतिक्रमण म्हणून झालेल्या दंडाच्या पावत्या लोकांनी जपून ठेवल्या, १-ई मधली नोंद पुरावा म्हणून पुढे केली आणि शासनाला हक्क मान्य करायला लावले. कसणारा आणि चारणारा यांचे भांडण लावणे सोपे आहे. पण दोघांच्या दुखण्याचे मूळ एकच, त्यांचे माळाशी असलेले नाते दप्तराने ओळखलेच नाही.

दुसरा आक्षेप कुत्र्यांबद्दलचा. सर्वोच्च न्यायालयात २०२५ साली भटकी कुत्री रस्त्यांवरून हटवण्यावरून जो वाद झाला, त्यामागे चावे आणि रेबीज यांची खरी भीती होती. माळावर आणखी एक धोका आहे. चिंकारा आणि लांडगा याच गवताळ रानात राहतात. कुत्र्यांकडून लांडग्यांना रोग जातात, आणि पुण्याजवळ लांडगा-कुत्रा संकर झाल्याचे जनुकीय पुरावेही सापडले आहेत. सशामागे कुत्रे सोडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. तेव्हा मोकळीक मागणाऱ्याने आधी स्वतःवर बंधन घालून घेतले पाहिजे: लस टोचल्याशिवाय कुत्रे माळावर नाही, कळप जवळ असताना पट्टा सुटणार नाही, शिकार अजिबात नाही. नियम पाळणाऱ्यांची वहिवाटच न्यायालयात आणि गावात टिकते.

मग करायचे काय? हत्यार हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायला हवी. तिच्यात गावातली कारवानी कुत्री, उस्मानाबादी शेळी, गवताच्या जाती, धनगरांच्या उतरण्याच्या जागा, पाणवठे आणि वाटा गटक्रमांकासह लिहाव्यात. कोणत्या महिन्यात कोण येतो, तेही लिहावे. मग ग्रामसभेने ठराव करून ही यादी तहसीलला पाठवावी आणि गायरानाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत ती जोडली जावी असा आग्रह धरावा. या नोंदीने मालकी मिळणार नाही; पण ‘जागा रिकामी होती’ हे वाक्य यापुढे कुणाला लिहिता येणार नाही. शासनानेही निस्तारपत्रकाची तरतूद मराठवाड्याला लागू करावी. विदर्भातल्या गावाला जे मिळते ते भूमच्या गावाला न मिळण्याचे आज एकही सयुक्तिक कारण नाही.

सौर प्रकल्प कुठे व्हावा, भूमिहीनाला कोणता तुकडा मिळावा, किती माळ मोकळा राहावा, हे गावाने सगळ्यांना समोर बसवून ठरवावे. त्या बैठकीत शेळीवालीला आणि कुत्रे घेऊन हिंडणाऱ्या पोराला बोलावले गेले, तरच तो निर्णय गावाचा म्हणता येईल. त्यांना वगळून झालेली वाटणी कितीही कायदेशीर असली, तरी ती मी विकास मानणार नाही.