हुकावरचा भार

हळदीच्या हंगामात वसमत, हिंगोलीच्या रस्त्यांवर पोत्यांनी भरलेल्या ट्रॉल्या बाजार समितीकडे निघतात. वसमतच्या हळदीला 2024 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती बाजारात जाते अजून ट्रॉलीतूनच. किती क्विंटल भरली हे वजनकाटा सांगतो. माल ट्रॉलीत कुठं बसलाय, हे मात्र त्याला कळत नाही. त्यासाठी ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून बाजूनं बघावं लागतं. ट्रॉलीचा तळ सरळ आहे, मागं लवलाय की पुढं वाकलाय?

चारचाकी ट्रॉली आपला भार आपल्याच चाकांवर पेलते. दोनचाकीचं तसं नाही. तिच्या भाराचा थोडा हिस्सा दांडीवाटे ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, आणि तो यायलाच हवा. अर्धीच भरायची म्हणून सोयीसाठी पोती मागच्या फाळक्याजवळ रचली, की ट्रॉली उलाळ होते. दांडी हूक वर उचलू बघते, ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी पडून जागेवरच फिरतात आणि वेगात ट्रॉली डोलू लागते. उलट सगळा माल पुढं लोटला, तर चढावर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. इंजिन ओढत राहतं, स्टिअरिंग मात्र नुसतंच फिरतं.

बैलगाडीच्या काळात हे लगेच समजायचं. उलाळ गाडीत जू वर उचललं जाऊन बैलाच्या गळ्याला आवळायचं, पुढं दाबलेल्या गाडीत त्याचा खांदा सुजायचा. ट्रॅक्टरचा खांदा सुजत नाही, हीच पंचाईत.

ओढणाऱ्यावर थोडा भार असला तरच त्याची जमिनीवर पकड राहते, हे मला फार खरं वाटतं. घरातल्या म्हाताऱ्याला आपण प्रेमानं म्हणतो, ‘अण्णा, आता तुम्ही कशातच लक्ष घालू नका.’ महिन्या-दोन महिन्यांत अण्णा खाटेवरून उठेनासे होतात. त्याच घरात थोरल्याच्या अंगावर कर्ज, बहिणीचं लग्न, धाकट्याचं शिक्षण असं सगळं येऊन पडलेलं असतं. तो ओढतो, त्याबद्दल तक्रार नाही. पण पीक बदलावं, दुसरा धंदा बघावा म्हटलं, तर त्याला वळता येत नाही.

अडतीवर माल उतरवतानाही क्रम लागतो. ट्रॅक्टर सोडून ट्रॉली टेकूवर उभी असेल आणि कुणी पुढची पोती आधी काढली, तर ती मागं कलंडते. जाणता हमाल आधी फाळका उघडतो आणि मागून सुरुवात करतो.