मूळ माप

गेल्या श्रावणात एका रविवारी दुपारी जर्मनीहून भाच्याचा फोन आला. तिकडे श्टुटगार्टजवळ तो नोकरीला आहे. पाऊसपाणी, गणपतीला येणे-न येणे एवढे बोलून झाल्यावर तो मुद्द्यावर आला. ‘‘मामा, गाडीचा टर्बो गेला. आता कुठला बसवू?’’

माझी उभी हयात उद्यमबागेत लेथवर आणि पुढे लॉऱ्यांचे टर्बो दुरुस्त करण्यात गेली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे. गाडी त्याच्या हौसेची आहे. पोर्शे ९४४ टर्बो, १९८६ सालची. चार सिलिंडर, अडीच लिटरचे इंजिन, २२० अश्वशक्ती. आपल्याकडे अशी गाडी मी डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण टर्बो म्हटले की लॉरी काय आणि पोर्शे काय, आत एकच संसार. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चक्र फिरवतो, त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाचे चक्र ताजी हवा दाबून इंजिनात कोंबते. वाया जाणाऱ्या धुराला कामाला लावण्याची ही युक्ती आल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरची. त्याचे पेटंट १९०५ सालचे. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणारा तो शाफ्ट तेलाच्या केसाएवढ्या थरावर तरंगत असतो. तो थर बिघडला की खेळ संपला.

मी त्याला म्हटले, ‘‘आधी मेला कशाने ते बघ. नवा बसवलास आणि कारण तसेच राहिले, तर तोही जाईल.’’ त्या गाडीला एक छोटा विजेचा पंप असतो. इंजिन बंद केल्यावरही तो काही वेळ टर्बोभोवती पाणी फिरवत ठेवतो, म्हणजे आतले तेल करपून कोळसा होत नाही. चार दिवसांनी भाच्याने कळवले, पंप केव्हाचा बंद पडला होता. तेलाची नळीही अर्धी चोंदलेली होती. माणसाचेही असेच असते म्हणा, पण ते असो.

आता निवड. एक रस्ता असा, की मूळचाच टर्बो, ज्याला तिकडे के-२६ म्हणतात, त्याचा आतला गाभा नवा घालून तोच परत बसवायचा. दुसरा, आजच्या घडीचा, बॉल बेअरिंगचा टर्बो आणायचा. जुना टर्बो तीन हजार फेऱ्यांपर्यंत पेंगत असतो आणि मग पाठीत गुद्दा मारल्यासारखा उठतो, नवा लवकर जागा होतो. पण त्यासाठी नळ्या बदला, इंधनाचे गणित बदला. शिवाय त्या देशात इंजिनाची ताकद वाढवली तर तपासणी करून कागदावर नोंद करावी लागते. तीस वर्षांवरच्या गाडीला तिथे वेगळी नंबरप्लेट मिळते, ती गाडी मूळ रूपात राहिली असेल तरच. एवढे सगळे अंगावर कोण घेणार?

म्हणून भाच्याचा जीव तिसऱ्या रस्त्यावर जडला होता. बाहेरचे जुने घर तसेच ठेवायचे, वरची जुनी पट्टीही तशीच, आणि आत नव्या घडणीची मोठी चक्रे. ‘‘बाहेरून कुणाला कळणार नाही, मामा. पुढेमागे गाडी विकली तरी किंमत मूळचीच येईल.’’

‘मूळचीच’ हा शब्द माझ्या कानात अडकला.

या भागात मूळ विचारल्याशिवाय माणसाची ओळख पुरी होत नाही. आमचे वडील चंदगडकडचे. तो तालुका बेळगाव जिल्ह्यात होता. १९५६ साली राज्ये नव्याने आखली गेली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि चंदगड मुंबई राज्यात राहून कोल्हापूर जिल्ह्याला जोडले गेले. गाव जागचे हलले नाही, विहीर हलली नाही, फक्त मूळ पत्ता बदलला. आईचे माहेर धारवाडचे. ती देवापाशी मराठीत बोले आणि रागावली की कन्नडमध्ये. तिचे मूळ कोणते सांगू? आणि भाच्याची ती पोर्शे तरी कुठली? ९४४ ची जुळणी पोर्शेच्या घरी झालीच नाही, ती नेकारझुल्मच्या आउडी कारखान्यात झाली. टर्बो आणखी तिसऱ्याच कंपनीचा, फ्रांकेनथालचा. मग या मूळपणाचे एवढे स्तोम कशाला? चालणारी वस्तू चांगली चालली, की झाले. हे मी त्याला जवळजवळ बोललोच होतो.

‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतो, तू रथातून आलास ना, मग रथ कोणता ते दाखव. दांडी म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? चाके? राजा एकेकाला नाही म्हणत जातो. शेवटी कबूल करतो, की या सर्वांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव चालते, एवढेच. मोठा विचार आहे आणि मला तो पटतो. पण त्या संवादात सुतार कुठेच नाही. राजाला रथात बसायचे होते, भिक्षूला तत्त्व सांगायचे होते. उद्या आस मोडली तर ती कोणत्या मापाची होती, हे ज्याला कळायला हवे त्याला कुणी बोलावलेले नाही.

हे सुचायला कारण आहे. १९९८ साली निपाणीचा एक लॉरीवाला माझ्याकडे टर्बो घेऊन आला. तंबाखूचा हंगाम, गाडी उभी ठेवणे परवडणारे नव्हते आणि कंपनीचा गाभा यायला आठ दिवस लागणार होते. शाफ्टला चरे पडले होते. मी तो घासून बारीक केला, त्याला बसतील असे पितळेचे बुश लेथवर स्वतः काढले, बॅलन्सिंग केले. काम झकास झाले. मालकाने विचारले, ‘‘माल कंपनीचा ना?’’ मी ‘हो’ म्हणालो. पैसे मात्र माझ्या कामाचेच घेतले, कंपनीचे नाही. म्हणजे फसवले कुठे, अशी माझी समजूत.

तो टर्बो दोन वर्षे घड्याळासारखा चालला. मग लॉरी विकली गेली. नव्या मालकाने हुबळीत बुश बदलून घेतले. मिस्त्रीने कंपनीचे बुश आणले आणि बसवले, कारण आत सगळे कंपनीचे आहे असेच त्याला सांगितलेले. माझ्या बारीक शाफ्टवर ते सैल पडले. गोव्याला उतरताना चोर्ला घाटात शाफ्ट डगमगला, सील गेले, तेल हवेच्या वाटेने इंजिनात शिरले आणि चावी बंद केली तरी इंजिन आपलेच तेल जाळत सुसाट सुटले. ड्रायव्हरने वरचा गिअर घालून, ब्रेकवर उभे राहून ते कसेबसे बंद पाडले. माणूस वाचला. इंजिन गेले.

नवा मालक विचारत विचारत माझ्या दारी आला. हातात तो शाफ्ट, फडक्यात गुंडाळलेला. शांतपणे म्हणाला, ‘‘खरे हेळ्री, मिस्त्री.’’ खरे हा शब्द त्याच्याही भाषेत तोच आणि माझ्याही.

मी म्हणालो, ‘‘कंपनीचाच होता.’’

तो गेला. हुबळीच्या मिस्त्रीने माप घ्यायला हवे होते, हे मी स्वतःला पुष्कळ वर्षे सांगत आलो. त्यात खोटे काही नाही. पण त्याने माप घेतले नाही ते आळसाने नव्हे, माझ्या शब्दावर विसंबून. माझे काम वाईट नव्हते, आजही मी ते तसेच करीन. शाफ्ट बारीक करण्यात पाप नव्हते. मी त्याच्या पुढच्या माणसाचे डोळे बांधले होते.

हे मी घरात कधी बोललो नव्हतो. त्या रात्री भाच्याला फोन लावला आणि सगळे सांगितले. म्हटले, ‘‘आत काय घालायचे ते घाल. नवी चक्रे चांगली असतील तर तीच घाल. पण आधी नोंद करून घे. जुन्या पट्टीशेजारी नवे नंबर ठोक, मापे लिहून गाडीच्या कागदांत ठेव आणि जुना गाभा डब्यात घालून गाडीबरोबर दे.’’

‘‘मग तिसऱ्या रस्त्याचा फायदा काय राहिला, मामा? किंमत उतरणार.’’

‘‘उतरेल.’’

बराच वेळ तो काही बोलला नाही. लाइन तुटली की काय, असे मला वाटले. मग त्याने विचारले, ‘‘त्या लॉरीच्या शाफ्टचं माप किती होतं?’’

‘‘मूळ मापापेक्षा बारा शतांश मिलिमीटर कमी,’’ मी म्हणालो. वही उघडावी लागली नाही.