ठरलेलें मोल आणि वरचे पैसे

गेल्या विजयादशमीस माझ्या भाच्यानें मोटार घेतली. तो लातुरास एका महाविद्यालयांत शिकवितो, आणि घराण्यांत चार चाकांचें वाहन येण्याचा हा पहिलाच प्रसंग. चौकशी दोन महिने चालली होती. लातुरांतील एका विक्रेत्यानें कागदावर पै-पैचा हिशेब मांडून दिला. नांदेडच्या दुसऱ्यानें टेलिफोनवरून जो आकडा सांगितला तो त्याहून अकरा हजारांनीं कमी होता. अकरा हजार म्हणजे मास्तराच्या घरीं कांहीं थोडे नव्हेत. तेव्हां आम्ही तिघे, भाचा, त्याची आई आणि मी, पहांटे निघून अहमदपूर-लोह्याच्या वाटेनें नांदेडास गेलों. संध्याकाळच्या हल्लाबोलासाठीं गुरुद्वाऱ्याकडे जाणाऱ्या शिखांची सकाळपासूनच शहरांत दाटी होती. दुकानांत झेंडूचीं तोरणें लागलीं होतीं, आमच्या मोटारीवर तांबडें वस्त्र झांकलें होतें, आणि माझी बहीण ताटांत हळदकुंकू, नारळ व पेढे घेऊन उभी होती. मुहूर्त साडेअकराचा.

अकरा वाजून गेल्यावर एका तरुण कारकुनानें हिशेबाचा शेवटला कागद पुढें केला. किंमत, सरकारी कर, विमा, फास्टॅग हें सारें पूर्वीं सांगितल्याप्रमाणें होतें. अगदीं खालीं दोन ओळी नवीन होत्या: 'हँडलिंग चार्जेस' साडेनऊ हजार, आणि 'आवश्यक सामान' सहा हजार. मीं त्या ओळीवर बोट ठेवलें, तेव्हां कारकून म्हणाला, "हें सगळ्यांनाच असतं, साहेब." हें म्हणतांना त्यानें मान खालीं घातली, हें मला सांगितलें पाहिजे; तो मुलगा वाईट नव्हता. भाचा हळूच म्हणाला, "मामा, जाऊं द्या. आजच्या दिवशीं वाद नको." मीं बहिणीच्या हातांतील ताटाकडे पाहिलें. सही झाली.

या रकमेचें समर्थन असें करितात कीं, मोटार गोदामांतून दुकानांत आणावी लागते, धुवावी-पुसावी लागते, तींत थोडें पेट्रोल घालावें लागतें. परंतु विक्रेते ज्या किमतीस 'एक्स-शोरूम' म्हणतात तिचा अर्थच मुळीं दुकानाच्या दारांत उभ्या असलेल्या मोटारीची किंमत असा आहे. दारापर्यंतचा खर्च तींत येऊन चुकलेला असतो. दाराबाहेर जो खर्च येतो तो कराचा, नोंदणीचा आणि विम्याचा. पैकीं कर सरकारचा. महाराष्ट्रांत दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोलवरील खासगी मोटारीस तो शेंकडा ११ पडतो. विमा तर २०१८ च्या सप्टेंबरपासून नव्या मोटारीस तृतीय पक्षापुरता तीन वर्षांचा घ्यावाच लागतो. मात्र तो कोणत्या कंपनीचा व कोणामार्फत घ्यावा हें ठरविण्याचा अधिकार घेणाराचा आहे. सामानाची गोष्ट तर याहूनहि उघड. एक वस्तु हवी असेल तर दुसरीहि घेतलीच पाहिजे, अशी अट घालणें २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यास संमत नाहीं. हें सर्व मला घरीं परत आल्यावर वाचून कळलें असें म्हणण्याची सोय असती तर बरें झालें असतें. पण यांतील पुष्कळसें मला त्या टेबलापाशीं बसलों असतांच ठाऊक होतें.

म्हणून मला जो प्रश्न पडला आहे तो कायद्याचा नाहीं. नऊ लाखांच्या व्यवहारांत साडेनऊ हजार म्हणजे शेंकडा एकाच्या आसपास. एवढ्यासाठीं मनास इतकें लागावें कां?

माझे वडील तूर आणि करडई बैलगाडींत घालून लातूरच्या बाजारांत आणीत. लहानपणीं कैक वेळां मी त्यांच्याबरोबर पोत्यांवर बसून आलों आहें. आडत्याच्या दुकानीं भाव पुकारला जाई. तो ऐकून वडील मनाशीं बेरीज करीत आणि माझ्यासाठीं वहीचे किंवा सदऱ्याचे पैसे त्या बेरजेंत धरीत. मग पट्टी हातीं येई. तींत आडत, हमाली, तोलाई तर असेच. शिवाय पोत्यामागें किलो-दीड किलो कडता, आणि कोणत्या देवाचा किंवा गोशाळेचा हें कधींच न कळणारा धर्मादाय. हमालानें पोतें वाहिलें त्याचे पैसे द्यावयास वडील कधींच कुरकुरले नाहींत. ते एवढेंच म्हणत, "भाव सांगताना माणूस बोलतो, अन् पट्टी करताना कागद बोलतो." वजाबाकी किती झाली याचें दुःख त्यांना होई, पण त्याहून अधिक अपमान याचा वाटे कीं, ऐकलेला भाव खरा मानून आपण मनांत जी बेरीज केली ती आडत्यास हंसण्याजोगी वाटत असेल.

ही तक्रार एकट्या माझ्या वडिलांची नव्हती. वऱ्हाडांत कारंजा येथील कापसाच्या बाजारास १८८६ सालींच नियमांत बांधण्यांत आलें होतें. १९२८ सालीं शेतीविषयक रॉयल कमिशननें हिंदुस्थानांतील बाजारांतल्या अशाच मनमानी कपातींकडे बोट दाखवून नियंत्रित बाजारांची शिफारस केली. आणि ज्या हैदराबाद संस्थानांत तेव्हां लातूर व नांदेड हीं दोन्ही होतीं त्यानें १९३० सालीं शेतमालाच्या बाजारांचा कायदा केला. या सर्व खटाटोपाचें सार ध्यानांत घेण्यासारखें आहे. आडत्यानें मेहनताना घेऊं नये असें कोणीच म्हटलें नाहीं. काय घ्यावयाचें, कोणाकडून आणि किती, हें आधीं लिहिलेलें असावें, एवढाच आग्रह होता. ज्यांच्या बापजाद्यांनीं कडत्याविरुद्ध हा झगडा पाहिला त्यांच्याच नातवंडांनीं मोटारीच्या दुकानांत निमूटपणें कडता मोजावा, हें मला मोठें चमत्कारिक वाटतें.

यावर विक्रेता म्हणेल, सही तुम्हींच केली. हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाहीं. मात्र संमति म्हणावयाची तर माणसास दोन गोष्टी साधल्या पाहिजेत: व्यवहार कळला पाहिजे, आणि नाकारतां आला पाहिजे. दोन महिन्यांपूर्वीं ती ओळ आम्हांस दाखविली असती तर दोन्हीं गोष्टी साधल्या असत्या. पण विसारा देऊन झाला, जुनी स्कूटर विकली गेली, बँकेचें कर्ज मंजूर झालें, आत्या-मावश्यांना कळविलें गेलें, आणि आई पेढे घेऊन उभी राहिली. मग ती ओळ पुढें आली. 'नाहीं' म्हणण्याची शक्ति घेणाराच्या ठिकाणीं असते तोंवर ओळ झांकून ठेवावयाची, आणि ती शक्ति संपतांच उघडावयाची! येथें विकली गेली ती मोटार. परंतु वरचे पैसे वसूल झाले ते आमच्या आनंदावर आणि आमच्या भिडेवर.

सिसेरोनें आपल्या कर्तव्यांवरील ग्रंथांत एक जुना वाद दिला आहे. ऱ्होड्स बेटांत दुष्काळ पडला असतां अलेक्झांड्रियाहून एक सचोटीचा व्यापारी धान्याचें गलबत घेऊन येतो. मागून आणखी गलबतें येत आहेत हें त्यानें वाटेंत पाहिलें आहे. तें त्यानें सांगावें, कीं गप्प राहून चढ्या भावानें धान्य विकावें? डायोजेनीस म्हणतो, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटर म्हणतो, घेणारास जें कळल्यानें त्याचें हित होईल तें सांगितलेंच पाहिजे. सिसेरोचा कौल सांगणाराकडे आहे. पण नांदेडच्या त्या टेबलापाशीं डायोजेनीसची वकिलीहि उपयोगी पडली नसती. ऱ्होड्सचा व्यापारी जगाची बातमी दडवितो, आपला भाव दडवीत नाहीं. येथें तर भावच अर्धवट सांगितला होता.

आणखी एक गोष्ट मीं तेथें पाहिली. शेजारच्या टेबलावर एका वकिलांनीं तीच ओळ पाहून नुसता खिशांतला टेलिफोन काढला, आणि साडेनऊ हजारांवर रेघ मारली गेली. 'सगळ्यांनाच असतं' म्हणणारा कारकून तेथेंहि होताच. पलीकडे मुखेडकडील एक शेतकरी मुलासह बसला होता. त्यानें कागद न वाचतांच अंगठ्याजवळचें बोट दाखवून 'सही कुठं करूं' एवढेंच विचारलें. म्हणजे मोटारीची खरी किंमत मोटारीवरून ठरत नव्हती. समोरच्या माणसाच्या जिभेवरून व कोटावरून ठरत होती. शांतिपर्वांत जाजलि नांवाच्या तपस्व्यास धर्म शिकावयास काशीच्या तुलाधार वाण्याकडे जावें लागतें, आणि तो वाणी सांगतो तें एवढेंच कीं, माझी तराजू सर्वांस सारखी आहे. त्या शेतकऱ्याच्या बाजूनें मीं दोन शब्द बोलावयास हवे होते. पण नुकतीच मुकाट्यानें सही करविलेल्या माणसास दुसऱ्याची वकिली करण्याचा धीर होत नाहीं.

येथवर दोष विक्रेत्यास देणें सोपें आहे. तो लातूरचा विक्रेता मात्र माझ्या मनांतून जात नाहीं. त्यानें आरंभींच सारी रक्कम लिहून दिली, आणि त्याच कारणानें त्याचा आकडा मोठा दिसला. आम्ही त्याच्याकडे पुन्हां गेलोंहि नाहीं. खरें बोलणारास सोडून कमी बोलणाराकडे आम्हीच गेलों, आणि त्यांत अकरा हजार वांचविण्याऐवजीं साडेचार हजार अधिक मोजून आलों. पैशांचा हा दंड आम्हांस योग्यच झाला. पण प्रामाणिकपणाचा दंड त्या गृहस्थास कां? पुढच्या सणाला त्यानेंहि दोन ओळी खालीं ढकलल्या तर त्यास नांवें ठेवण्यास मी कोणत्या तोंडानें जाऊं?

एकट्या माणसाच्या सचोटीवर हें भागणार नाहीं, असें मला वाटतें. सर्वांनीं एकाच रीतीनें मोल सांगावें असा निर्बंध असल्याशिवाय खरें सांगणारा मागेंच पडणार. साबणाच्या वडीवर सर्व करांसहित कमाल किंमत छापावी लागते. नऊ लाखांच्या मोटारीवर तशी ओळ नसते. अमेरिकेंत १९५८ सालीं मन्रोनी नांवाच्या सिनेटरच्या खटपटीनें कायदा होऊन नव्या मोटारीच्या कांचेवर किंमत, जोडलेलें सामान व वाहतुकीचा खर्च यांचें पत्रक चिकटविणें सक्तीचें झालें. तरी तेथील विक्रेते कागदपत्रांची फी म्हणून निराळे पैसे लावितातच. पण निदान कांचेवरच्या आकड्याशीं ताडून पाहण्याची सोय घेणारास आहे.

आम्ही रात्रीं लातुरास पोंचलों. गल्लींतले लोक जमले, बहिणीनें चाकाखालीं लिंबें ठेविलीं, पेढे वाटले. कोणी तरी विचारलें, "केवढ्याला पडली?" भाच्यानें क्षणभर माझ्याकडे पाहिलें आणि आकडा सांगितला. तो टेलिफोनवर ऐकलेला पहिला आकडा होता. मी तेथेंच उभा होतों, आणि मीं तो दुरुस्त केला नाहीं. शेजारच्या गृहस्थांनीं खिशांतून एक चिठ्ठी काढून तो आकडा आणि नांदेडच्या दुकानाचें नांव लिहून घेतलें. त्यांस दिवाळीच्या पाडव्याला मोटार घ्यावयाची आहे.