बोअरची पूजा सांगण्याआधी

गुहागरहून दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतभावाचा फोन आला. खालच्या पाटावरच्या आमच्या आगरातली विहीर आता चैत्रातच मचूळ होते, पोफळी करपायला लागल्यात, म्हणून बोअर मारायची ठरली आहे. पूजा सांगायला तू ये, म्हणाला. पुण्यात नारायण पेठेत मोदी गणपतीच्या आसपास माझी भिक्षुकी चालते. पूजा सांगणं हे माझं रोजचं काम, पण इथे मी संकल्पापाशीच अडलो. हे पाणी कोणाचं म्हणून काढायचं?

विहीर खणणं हे मोठं पुण्यकर्म, असं आपण लहानपणापासून ऐकतो. शास्त्र मात्र नुसत्या खणण्यावर थांबत नाही, उत्सर्ग करायला सांगतं. भारतरत्न पां. वा. काणे आमच्या रत्नागिरी जिल्ह्यातलेच, चिपळूणजवळ जन्मलेले. भांडारकर संस्थेने प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात दान आणि उत्सर्ग यांतला फरक नेमका सांगितला आहे. दानात वस्तू दुसऱ्याच्या मालकीची होते आणि देणाऱ्याने ती पुन्हा वापरायची नसते. उत्सर्गात ती सगळ्यांसाठी सोडली जाते, आणि सोडणाराही सगळ्यांतला एक म्हणून ती वापरू शकतो. तळ्याच्या उत्सर्गात गाय पाण्यातून पार नेतात आणि यजमान तिचं शेपूट धरून मागोमाग जातो. त्यानंतर तो त्या तळ्याचा मालक उरत नाही.

याज्ञवल्क्यस्मृतीत आणखी एक नियम आहे: परक्याच्या पाण्यात स्नान करायचं तर आधी मातीचे पाच गोळे बाहेर काढा. परकं म्हणजे सर्व प्राण्यांसाठी न सोडलेलं, असा खुलासा तिच्यावरच्या मिताक्षरा या टीकेत आहे. वापरण्याआधी काही काम करा, तळ्यातला गाळ थोडा तरी कमी करा, मग उतरा, असा मी त्याचा अर्थ घेतो.

आता हे आमच्या किनाऱ्याला लावून पाहा. पुळणीखालचं गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी 1 मीटर असली, तर त्याच्या खाली सुमारे 40 मीटर गोडं पाणी असतं, असा घायबेन आणि हर्झबर्ग या संशोधकांचा हिशेब. म्हणजे उपसा करून ती पातळी अर्धा मीटर उतरवली, की खालून खारं पाणी हळूहळू 20 मीटर वर सरकतं. हा हिशेब सलग वाळूच्या थराचा. खाली कातळ लागला की आकडे बदलतात, दिशा तीच राहते. रहाटाला बैल होते, ते दमायचे. तेवढ्या वेळात झरे विहीर भरून काढायचे. पंपाला दमणं नाही. आणि खोल बोअर तर खाऱ्या पाण्याच्याच जवळ जाते. कोकणात पावसाळ्यात 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण उतार आणि जांभा तो धरून ठेवत नाहीत.

तेव्हा किनाऱ्यावर स्वतःचं असं पाणी कोणाकडेच नाही. सगळी आगरं एकाच साठ्यावर उभी आहेत. दादाने उपसलं की शेजारच्या आगरातलं पाणी मचूळ होणार. तिथला प्रत्येक उपसा हे परक्याच्या पाण्यातलं स्नान आहे आणि पाच गोळ्यांचं देणं प्रत्येकाच्या माथी आहे.

कायदा दोन्हीकडे बोलतो. 1882चा सुविधाधिकार कायदा जमिनीखालचं पाणी जमीनमालकाला उपसू देतो. महाराष्ट्राचा 2009चा भूजल कायदा विहिरींची नोंदणी मागतो आणि 60 मीटरपेक्षा खोल जाण्यावर बंधन घालतो. पण पुळणीवर 60 मीटर हीच मुळात फार मोठी खोली आहे.

‘सर्वांसाठी’ हा शब्द उच्चारून भागत नाही, हे आम्हा भिक्षुकांना विशेष कळायला हवं. पशुपक्ष्यांसाठी पाणी सोडणाऱ्या समाजाने ते माणसांना नाकारलं. पुण्यात 1868 साली जोतीराव फुल्यांनी घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. 20 मार्च 1927ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी पाणी ओंजळीत घेतलं. माझ्या दृष्टीने त्या दोन्ही वेळी खरा उत्सर्ग झाला. मंत्र कोणी म्हटले नव्हते.

दादाला मी कळवलं आहे: बोअरची पूजा मी सांगणार नाही. आहे त्या विहिरीतला गाळ काढ, पावसाळ्यात कौलांवरचं पाणी गाळून तिच्यात सोड, पंप रोज ठरावीक वेळच चालव, आणि शेजारच्या आगरांशी बसून सगळ्यांच्याच उपशाची मर्यादा ठरवा. हे जमवलंत तर विहिरीचा उत्सर्ग करायला मी स्वखर्चाने येईन, दक्षिणा घेणार नाही. तुमचंही आगर किंवा घर किनाऱ्यावर असेल, तर बोअरचा मुहूर्त विचारायच्या आधी शेजाऱ्याच्या विहिरीचं पाणी चाखून या.