चौकातली भिंत

हिंगोली जिल्ह्यातील वसमत तालुक्यात कुरुंदा नावाचे गाव आहे. मुलूख हळदीचा, देवस्थान टोकाईचे. मराठी वाचकाला मात्र हे गाव ओळखीचे वाटते ते नरहर कुरुंदकरांच्या आडनावामुळे. उद्या या गावाने चौकातील एखादी भिंत रंगवायचे ठरविले, तर तिच्यावर काय यावे? टोकाई, हळदीचे शेत की कुरुंदकर? तिन्हींना टाळ्या पडतील. पण जुलै २०२२ मध्ये आसना नदीचे पाणी याच गावात घराघरांतून शिरले होते. त्या पुराला भिंतीवर जागा आहे काय, हे कोणी विचारील असे वाटत नाही.

प्रश्न रंगांचा नाही. पुस्तक नको असेल तर मिटता येते. चौकातील चित्र रोज पाहावेच लागते. म्हणून विषय निवडणारा माणूस पुढील कित्येक वर्षे इतरांनी कोणाकडे पाहावे, हे ठरवीत असतो. हा अधिकार साधा नव्हे. आपल्या धर्मग्रामातही नव्या ग्रोटोत कोणता संत बसवावा याची चर्चा पुष्कळ होते आणि शेवटी देणगीदाराच्या आवडीचा संत बसतो, हे आपण पाहिलेच आहे!

शहरांत हा अधिकार अधिक मोठ्या हातांत असतो. मुंबईत १८७९ साली सर अल्बर्ट ससून यांच्या देणगीतून प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे सातवा एडवर्ड झालेल्या राजपुत्राचा, अश्वारूढ पुतळा उभा राहिला. विषय राजाचा होता. लोकांनी मात्र जागेला नाव दिले काळा घोडा. १९६५ साली पुतळा भायखळ्याच्या उद्यानात हलविला गेला, तरी नाव जागेवरच राहिले. २०१७ मध्ये तेथे नवा घोडा आला, तो स्वाराविना. समितीने निवडलेला राजा गेला आणि रस्त्याने निवडलेला घोडा तेवढा उरला.

वांद्र्याची गोष्ट आम्हाला अधिक जवळची आहे. चॅपल रोडच्या भिंतींवर २०१२ नंतर हिंदी सिनेमाची मोठमोठी चित्रे आली. त्यांत अनारकलीही आहे. चित्रे देखणी आहेत, ती पाहायला माणसे लांबून येतात, आणि त्यात गैर काही नाही. पण त्याच गल्लीबोळांत दगडी क्रूसही उभे आहेत. त्यांतले काही १८९६ साली मुंबईत सुरू झालेल्या प्लेगच्या काळातले. घरोघरी माणसे मरत असताना वाड्यांतील लोकांनी ते उभारले. त्यांचा विषय कोणत्याही समितीने निवडला नव्हता. तो संकटातून आला; आणि त्या लोकांनी प्रेते कोरली नाहीत, ज्याच्यापाशी आधार मागितला त्याचे चिन्ह उभे केले.

येथे आमच्या मनात एक अडचण उभी राहते. ज्याचे धान्य भिजले, त्याने रोज बाजाराला जाताना पुराचे चित्र का पाहावे? दुःखाचे स्मारक दुरून येणाऱ्याला हृद्य वाटते. भोगलेल्याला ते पुन्हा भिजविते. म्हणून पूर दाखवावाच, असा आग्रह आम्ही धरणार नाही. मात्र तो वगळायचा की नाही, हे ज्यांच्या घरात पाणी शिरले त्यांनी ठरवावे. गावाची शोभा जपणाऱ्यांनी नव्हे. कुरुंदकर आयुष्यभर प्रश्न विचारीत राहिले. त्यांचा नुसता चेहरा भिंतीवर काढून हा प्रश्न टाळणे, हे त्यांना रुचले नसते, असे आमचे मत आहे.

कदाचित गावकरी चित्र नकोच म्हणतील. पाणी जेथवर चढले होते तेथे एक आडवी रेघ ओढतील आणि तिच्याशेजारी २०२२ एवढेच लिहितील. शाळेला जाणारी मुले त्या रेघेशी आपली उंची मोजतील.