ओझर मुंबईच्या वाटेवर नाही

नाशिक ते मुंबई किती लांब? नकाशावर पट्टी ठेवली तर जेमतेम 140 किलोमीटर. विमानाला अर्धा-पाऊण तास पुरे. डिसेंबर 2017 मध्ये ‘उडान’ योजनेतून नाशिकच्या ओझर विमानतळाहून मुंबईला छोटं विमान सुरू झालं, तेव्हा हाच हिशेब ज्याच्या त्याच्या तोंडी होता. ती सेवा टिकली नाही. फेऱ्यांचा भरवसा नव्हता हे खरंच. पण विमान रोज वेळेवर सुटलं असतं तरी गणित जमलं नसतं, असं मला वाटतं.

ओझर मुंबईच्या वाटेवर नाहीच ना! नाशिकचा द्वारका चौक सोडायचा, आडगाव नाका मागे टाकायचा आणि आग्रा रोडने दहावा मैल येईपर्यंत जायचं. म्हणजे मुंबईकडे पाठ करून वीसेक किलोमीटर. मग हजेरी, तपासणी, खुर्चीत ताटकळणं. उतरल्यावर सांताक्रूझहून फोर्ट गाठायचा तो वेगळाच. ओझरला दोष देण्यात अर्थ नाही. ती धावपट्टी आपल्या सोयीसाठी झालेली नाही. 1964 साली हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा मिग विमानांचा कारखाना तिथे आला, लढाऊ विमानांना गावाबाहेरची मोकळी जागा हवी होती. प्रवाशांची टर्मिनल इमारत उभी राहायला 2014 उजाडलं.

एक गंमत मात्र सांगण्यासारखी आहे. वेळापत्रकातली विमानाची वेळ नुसती हवेतली नसते. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू होते, पलीकडे जागेवर उभं राहिलं की संपते. धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, परवानगीसाठी थांबणं, सगळं त्यात आधीच धरलेलं. कंपन्या आपली रखडपट्टी हिशेबात घेतात. आपण आपली घेत नाही. ‘दिल्ली? दोन तास!’ म्हणून मोकळे होतो. पहाटे उठून भरलेली बॅग, रिक्षावाल्याशी घातलेली हुज्जत, पट्ट्यावर सामान येईपर्यंतचं उभं राहणं, हे जणू दुसऱ्याच कुणाचं आयुष्य!

घरची माणसं या भानगडीत पडत नाहीत. आई फोनवर किलोमीटर विचारत नाही, विमान कितीचं तेही नाही. ‘रात्री जेवायला घरी आहेस ना?’ एवढंच विचारते. प्रवासाची इतकी नेमकी चौकशी कुठल्याच तिकीट खिडकीवर होत नाही. कुकर कधी लावायचा ते तिला ठरवायचं असतं.

या प्रश्नाला धरून पाहिलं की ओझरचा उपयोग बरोबर कळतो. नागपूर रेल्वेने साडेसहाशे किलोमीटर, अख्खी रात्र जाते. दिल्ली सरळ रेषेतच हजार किलोमीटर. तिथे दहाव्या मैलापर्यंतचा हेलपाटा सार्थकी लागतो. मुंबईचं तसं नाही. 1975 पासून धावणारी पंचवटी एक्स्प्रेस सकाळी नाशिकरोडहून निघते आणि तीन-साडेतीन तासांत थेट बोरीबंदरला नेऊन सोडते. वाटेत पासधारकांच्या गप्पा फुकट. संध्याकाळी परतताना कसाऱ्याचा घाट चढायला वेळ लागतो खरा, सदतिसात एक असा तो चढ आहे. तरी जेवायला माणूस घरी असतो. तेव्हा नागपूर-दिल्लीला ओझरहून खुशाल उडा. मुंबईला मात्र पंचवटीच बरी.